बैलगाडीपासून पडद्यापर्यंत : ग्रंथालय आणि रोजगाराचा शोध

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ग्रंथालयाविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मंडळाच्या ग्रंथालयाचे चिटणीसपद काही वर्षे माझ्याकडे होते, एवढाच माझा अधिकार. तेव्हा कपाटांची संख्या, पुस्तकांची संख्या आणि देणगीदारांची नावे असा परिचित वृत्तांत लिहून मोकळे व्हावे, असा प्रथम विचार होता. परंतु त्या पदावर असताना घडलेला एक लहानसा प्रसंग मनातून जाईना. त्या प्रसंगानेच मला ग्रंथालयांच्या इतिहासाकडे नेले. म्हणून प्रारंभ त्यापासूनच करतो.

करोनाच्या साथीपूर्वीची गोष्ट. रविवारची सकाळ होती. विटा-खानापूरकडचा एक तरुण ग्रंथालयात आला. त्या भागातील कितीतरी कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त दक्षिणेतील शहरांत पसरलेली आहेत, हे वाचकांस विदित आहेच. आमच्या टी. नगरात सोन्याच्या पेढ्या इतक्या, की या मंडळींना येथे येणे क्रमप्राप्तच होते. या मुलाला मात्र भट्टीपाशी बसावयाचे नव्हते. त्याला बँकेच्या परीक्षेस बसावयाचे होते. त्याने विचारले, “काका, अर्जाला लावायचा फोटो लहान कसा करायचा?” मी म्हणालो, “अरे, फोटो स्टुडिओत जा, पासपोर्ट आकाराचा काढून देतील.” तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, “बरं काका” म्हणाला आणि गेला. मी वर त्याच्या हाती एक कादंबरी ठेवली होती. ती त्याने जाताना मेजावर तशीच ठेवली.

पुढे कित्येक महिन्यांनी माझ्या ध्यानात आले, की तो छायाचित्राच्या लांबीरुंदीविषयी बोलतच नव्हता. संगणकावरून भरावयाच्या अर्जात छायाचित्राचे वजन अमुक किलोबाइटच्या आत असावे लागते, सहीचे त्याहूनही कमी. ते न जमल्यास अर्ज पुढे सरकत नाही. पाच-सहा मिनिटांच्या चित्रफितीत कोणीही शिकवू शकेल अशी ती गोष्ट होती. त्या मुलाचा अर्ज मुदतीत गेला किंवा नाही, हे मला कळले नाही. तो पुन्हा आला नाही.

नोकरी शोधणाऱ्या माणसाचे ग्रंथालयात काय काम, असा प्रश्न त्या वेळी मला पडला असता. इतिहास पाहू गेल्यावर तो प्रश्नच चुकीचा ठरतो.

आपण मद्रासवासी मराठी माणसे प्रथम तंजावरचे स्मरण करतो, आणि ते योग्यच आहे. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी स्थापिलेले ते राज्य 1855 पर्यंत टिकले. त्यातील दुसरे सरफोजी महाराज सरस्वती महाल ग्रंथालयामुळे कीर्तिमान झाले. परंतु महाराजांनी केवळ पोथ्या जमविल्या नाहीत. त्यांनी नवविद्याकलानिधी नावाची शाळा चालविली, 1805 च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या. विद्या साठवावयाची आणि ती उपयोगात आणावयाची, या दोन गोष्टी त्यांच्या दरबारी एकाच छत्राखाली नांदत होत्या. ग्रंथालय मात्र राजाचे होते. प्रजाजनांस ते खुले असावे, ही कल्पना पुढच्या शतकाची.

त्या कल्पनेचा मराठी भाषकांच्या राज्यांतील पहिला मोठा प्रयोग बडोद्यास झाला. त्या बडोद्याशीही आपला धागा जुळतो. कुंभकोणचे तंजावरी मराठी गृहस्थ सर टी. माधवराव हे मद्रासेत शिकले, त्रावणकोर व इंदूर येथे दिवाणगिरी करून 1875 मध्ये बडोद्याचे दिवाण झाले, आणि सयाजीराव महाराजांच्या अज्ञानकाळात त्यांनी राज्याची घडी बसविली. पुढे सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा शाळा सोडताच अक्षरे विसरतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यावर उपाय म्हणून त्यांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले, स्वतःच्या संग्रहातील सुमारे 20,000 पुस्तके लोकांसाठी दिली आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. गावाने काही रक्कम उभी करावी, तितकीच प्रांत पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, अशी योजना होती. जेथे ग्रंथालय निघणे शक्य नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरत असत.

या खात्याची एक शाखा आज फारशी कोणास ठाऊक नाही, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. 1912 च्या सुमारास बडोद्याच्या ग्रंथालय खात्याने दृश्यशिक्षणाची शाखा उघडली. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत ग्रंथालयाने कसे पोहोचावे, हा तिच्यापुढील प्रश्न होता. जादूचा कंदील, दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहावयाची चित्रे आणि सिनेमाचे यंत्र घेऊन ग्रंथालयाची माणसे गावोगाव जात आणि फुकट खेळ दाखवीत. राज्याचे ग्रंथपाल ज. स. कुडाळकर यांनी 1919 मध्ये बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. खात्याचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत निघत असे. म्हणजे पडदा हा ग्रंथालयाचा शत्रू आहे, अशी जी समजूत आपण करून घेतली आहे, ती शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्याच माणसांनी केली नव्हती.

याच काळात बडोद्याच्या कलाभवनात शिकून गेलेला एक मराठी माणूस मुंबईत कॅमेऱ्याशी झटत होता. दादासाहेब फाळक्यांचा 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारी एक लहान चित्रफीत केली होती. रोज थोडे थोडे चित्रण करून, बी रुजते कसे व वेल चढतो कसा, हे त्यांनी पडद्यावर दाखविले. देवादिकांच्या कथेपूर्वी आपल्याकडे पडद्यावर एक पाठ आला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता मद्रासकडे वळू. येथील कॉनेमरा सार्वजनिक ग्रंथालयाची कोनशिला 1890 मध्ये बसली व 5 डिसेंबर 1896 रोजी ते खुले झाले. एग्मोरची ती तांबडी वास्तू, तिची रंगीत काचांची छते आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. परंतु मद्रासेने ग्रंथालयाच्या जगाला वास्तूपेक्षा मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे शियाळी रामामृत रंगनाथन. आमच्या टी. नगरातील रंगनाथन स्ट्रीटवर दिवाळीच्या आधी मुंगीलाही शिरण्यास वाव नसतो. ते नाव कानी पडले, की मला मात्र हे दुसरे रंगनाथन आठवतात.

रंगनाथन यांचा जन्म 1892 मध्ये जुन्या तंजावर जिल्ह्यातील शियाळी येथे झाला. ते गणिताचे अध्यापक होते. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाला ग्रंथपाल हवा होता. अर्ज शेकड्यांनी आले, पण ग्रंथपालनाचे शिक्षण घेतलेला त्यांत कोणी नव्हता. रंगनाथन यांनीही मुलाखतीपूर्वी काही दिवस एका विश्वकोशातील ग्रंथालयांवरील नोंद वाचली, आणि तेवढ्या तयारीवर ते मुलाखतीस गेले. जगभर ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून मान्यता पावलेला हा पुरुष आरंभी एक उमेदवारच होता, आणि मुलाखतीपुरती शिदोरी त्याने संदर्भग्रंथातून घेतली होती. नेमणुकीनंतर त्यांना त्या निर्मनुष्य दालनाचा कंटाळा आला, आणि आपल्याला पुन्हा वर्गात जाऊ द्या, असा त्यांनी आग्रह धरला. इंग्लंडला जाऊन या, मग ठरवा, असे त्यांना सांगण्यात आले. इंग्लंडमध्ये त्यांनी कामगारांपासून लहान मुलांपर्यंत सर्वांना ग्रंथालयात येताना पाहिले, आणि परत आले ते आयुष्यभराचे काम घेऊनच.

1928 मध्ये मद्रास ग्रंथालय संघ निघाला. 1931 मध्ये त्यांचे पंचसूत्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ती सूत्रे आज या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असतात. त्यांचा आशय असा, की पुस्तक हे वापरण्याकरिता असते, जपून ठेवण्याकरिता नव्हे. वाचकास त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि पुस्तकास त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. आणि ग्रंथालय ही जिवंत, वाढत राहणारी संस्था आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात मन्नारगुडीजवळ मेलवासल येथून एस. व्ही. कनकसबै पिळ्ळै यांच्या पुढाकाराने बैलगाडीतून फिरते ग्रंथालय निघाले. ज्या मुलुखावर एके काळी आपल्या भोसले राजांची सत्ता होती, त्याच मुलुखात शेताच्या बांधावर पुस्तकांची गाडी जाऊन उभी राहू लागली.

यानंतरची महत्त्वाची पायरी कायद्याची. हिंदुस्थानातील पहिला ग्रंथालय कायदा करण्याचा मान कोल्हापूर संस्थानाकडे जातो, तो 1945 चा. स्वतंत्र भारतातील पहिला मान मद्रासचा, 1948 चा. मद्रासच्या कायद्यात रंगनाथन यांच्या प्रयत्नांमुळे एक विशेष तरतूद आली. घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर गोळा करावयाचा आणि त्यातून शाखा ग्रंथालये चालवावयाची. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यात असा उपकर नाही. तेथे सार्वजनिक वाचनालयांना शासकीय अनुदान मिळते. याचा अर्थ असा, की या शहरात घर केलेले आपल्यापैकी जे घरपट्टी भरतात, ते या शहरातील ग्रंथालये पोसतात. त्यांवर आपला हक्क आहे, आणि आपण तो क्वचितच बजावतो.

टी. नगरचे स्वरूपही या कथेत सांगितले पाहिजे. माम्बलमची वस्ती आणि शेजारचा विस्तीर्ण लाँग टँक आटवून 1920 नंतरच्या दशकात ही नगररचना झाली. तिला सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव मिळाले. पानगल पार्कभोवती आखलेले रस्ते तेव्हाचेच. 1918 साली महात्माजींच्या प्रेरणेने निघालेल्या दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे ठाणेही येथेच आहे. हरिजन मुलांना हाताचे काम शिकवून पोटास लावावे, या हेतूने निघालेले ठक्करबाप्पा विद्यालयही येथेच. म्हणजे साड्या आणि सोने यांचा बाजार होण्याच्या आधीपासून या भागात भाषा शिकविणाऱ्या व काम शिकविणाऱ्या संस्था होत्या. टंकलेखन व लघुलेखनाचे वर्ग तर मद्रासच्या गल्लोगल्ली. तेथून शिकून निघालेले तमिळ तरुण मुंबईला कचेऱ्यांत लागले, माटुंग्यास राहिले. पुढे 1960 नंतरच्या दशकात त्यावरून मुंबईत काय वादळ उठले, तेही आपण जाणतो. त्या वेळी आपल्यातील फार थोड्यांनी हा प्रश्न विचारला, की या मुलांना ते शिक्षण सहज कोठे मिळाले आणि आपल्या मुलांना का मिळाले नाही? परक्या शहरी पोटासाठी येणे म्हणजे काय, हे आपण स्वतः अनुभवलेले आहे. म्हणून तो प्रश्न आज आपण रागाविना विचारू शकतो.

ग्रंथालयातील उमेदवार हा काही आजचा प्राणी नव्हे. 1976 पासून निघणारे केंद्र सरकारचे रोजगारविषयक साप्ताहिक वाचण्यासाठी ग्रंथालयांत रांग लागत असे, आणि एकाने पान उलटण्यापूर्वी दुसरा पत्ता उतरवून घेत असे. कॉनेमरा असो वा 2010 मध्ये कोट्टूरपुरम येथे उघडलेले अण्णा शताब्दी ग्रंथालय असो, सकाळपासून जागा धरून बसणारा वाचकवर्ग बहुतांशी परीक्षार्थींचाच. अण्णा ग्रंथालयात तर स्वतःची पुस्तके आणून वाचणाऱ्यांसाठी वेगळे दालन केले आहे. ज्याच्या घरी दिव्याखाली बसण्यास जागा नाही, त्याला त्या दालनाचे मोल कळते. ही वास्तू 2011 मध्ये इस्पितळासाठी द्यावी असे सरकारने योजिले होते. त्याविरुद्ध लोक न्यायालयात गेले आणि ग्रंथालय टिकले. शहर आपल्या ग्रंथालयासाठी भांडते, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

बदल झाला तो साधनांत. 2005 मध्ये यूट्यूब आले. येथे गिंडीच्या रानातील आय.आय.टी. आणि तिच्या भगिनी संस्था यांनी 2003 पासून अभियांत्रिकीची व्याख्याने चित्रित करून सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. 2008 च्या मंदीत अमेरिकेतील बेकार माणसे सार्वजनिक ग्रंथालयांत लोटली. कारण कारखान्यांनी कागदी अर्ज घेणे बंद केले होते, आणि घरी संगणक नव्हता. ग्रंथपालांना एकच गोष्ट दिवसातून वीस वेळा सांगावी लागू लागली. तेव्हा अनेक ग्रंथालयांनी पत्रव्यवहाराचा पत्ता कसा काढावा, अर्ज कसा भरावा, स्वतःची माहिती एका पानात कशी मांडावी, याचे छोटे पाठ संगणकाच्या पडद्याचेच चित्रण करून तयार केले. वाचकाचा वेळ वाचावा, या रंगनाथन यांच्या सूत्राचाच हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाही.

आपल्या भाषेत याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या आय.आय.टी.ने घालून दिले. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी तेथे बोलत्या पाठांचा प्रकल्प उभा केला. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ. आधी संहिता लिहावयाची, ती विषय न जाणणाऱ्या नवख्या माणसाकडून तपासून घ्यावयाची, मग ध्वनिमुद्रण. पुढे त्यावर मराठी, तमिळ अशा अनेक भारतीय भाषांतील निवेदन चढवावयाचे. पडद्यावरील अक्षरे मात्र इंग्रजीच ठेवावयाची. कारण उद्या कचेरीत त्या मुलाला तीच अक्षरे दिसणार आहेत. समजावयाचे आपल्या भाषेत आणि काम करावयाचे जगाच्या भाषेत, ही तोड मला अत्यंत शहाणपणाची वाटते. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ती पिढ्यान्‌पिढ्या जगून दाखविली आहे.

मग यूट्यूबवर असे लाखो पाठ असता ग्रंथालयाने पुन्हा ते का करावेत, असा आक्षेप निघेल. त्याची उत्तरे तीन. पहिले, बाजारातील पाठ बहुधा काहीतरी विकण्यासाठी असतो. नोकरीच्या नावाने पैसे उकळणारेही तेथेच दबा धरून बसलेले असतात. दुसरे, असे पाठ शिळे होतात. अर्जाचा नमुना दरवर्षी बदलतो, पण जुनी चित्रफीत तशीच राहते. पाठावर तारीख घालणे आणि शिळा पाठ काढून टाकणे हे ग्रंथपालाचे नित्यकर्म आहे. तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. ग्रंथालयात आलेल्या माणसाने आपले नावगाव, आपली गरज कोणाला विकली जाणार नाही, असा विश्वास धरलेला असतो. 2019 मध्ये अमेरिकेतील ग्रंथालय संघाने एका मोठ्या कंपनीच्या पाठमालेला याच कारणावरून विरोध केला. ग्रंथालयाच्या वाचकाने पाठ पाहण्यासाठी आधी त्या कंपनीकडे स्वतःची नोंद करावी, अशी अट ती घालू पाहत होती.

तरीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पडदा माणसाची जागा घेत नाही. पाठ पाहून झाल्यावर उमेदवाराच्या मनात उरतो तो प्रश्न त्याच्या स्वतःच्या अर्जाचा असतो, आणि त्याचे उत्तर शेजारी बसलेला माणूसच देऊ शकतो. बडोद्याचा खेळ दाखविणारा माणूस यंत्रासोबत गावात जात असे. मेलवासलची गाडी बैलांनी ओढली तरी तिच्यासोबत कोणी तरी चालत होते.

आता आपल्या मंडळाविषयी. आपल्या कपाटांत उत्तम पुस्तके आहेत. ती कोणी हलवावी, असे माझे म्हणणे नाही. परंतु कुलूप आठवड्यातून एकदा निघते आणि त्या दिवशीही वाचक बोटांवर मोजण्याइतके असतात, हे लपविण्यात अर्थ नाही. या पन्नासाव्या वर्षी त्याच खोलीत एक मेज, एक संगणक आणि शांत कोपरा मिळावा. आपल्यापैकी कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी संगणकाच्या कंपनीत आयुष्य घालविले आहे. त्यांनी प्रत्येकी एक पाठ करावा. मराठीत, दहा मिनिटांचा, एका पाठात एकच गोष्ट. अर्जासाठी छायाचित्राचे वजन कसे कमी करावे. तमिळ नमुन्यातील कोणत्या रकान्यात काय लिहावे. मुलाखतीस प्रथमच जाणाऱ्याने काय न्यावे. फसवी जाहिरात कशी ओळखावी. मुद्रण करण्यापूर्वी संहिता गलाईवाल्याच्या घरातील एखाद्या मुलाला वाचावयास द्यावी. त्याला समजली तरच ती पुढे जावी. आणि रविवारी दोन तास कोणी तरी त्या मेजापाशी बसावे.

यास मोठा निधी लागणार नाही. लागेल ती थोडी नम्रता. आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट एखाद्या मुलाने विचारली, तर त्याला दुसरीकडे न पाठविता, “ये, दोघे मिळून पाहू,” असे म्हणण्याची. त्या रविवारी मी एवढेच म्हणावयास हवे होते.

पहिला पाठ मी करीन. विषय अर्थातच छायाचित्राचा. तो मुलगा आता कोठे असेल ठाऊक नाही. पण त्याच्या मागून येणारे आहेत, आणि ते येतच राहणार. त्यांच्यासाठी ही खोली उघडी असावी, एवढी विनंती मंडळाच्या कार्यकारिणीस व सभासद बंधुभगिनींस करून हा लेख पुरा करतो.